कुत्र्याच्या गळ्यात रिमोटवाला पट्टा घालायच्या आधी हे वाचा

सकाळी संभाजी तलावाकडं नाहीतर जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटांकडं चक्कर मारली की हल्ली एखाद्या लॅबच्या (लॅब्राडोरच्या) किंवा जर्मन शेफर्डच्या गळ्यात काडेपेटीएवढी काळी डबी दिसते आणि मालकाच्या हातात छोटासा रिमोट. कोण त्याला ई-कॉलर म्हणतं, कोण ट्रेनिंग कॉलर, कोण सरळ शॉकचा पट्टा. ऑनलाइन दोन-तीन हजारात घरपोच येतो, सोबत इंग्रजी-चायनीजमधला एक कागद येतो, तो कुणी वाचत नाही, आणि त्याच दिवशी संध्याकाळी कुत्र्याच्या गळ्यात बांधून बटण दाबायला सुरुवात. मग दोन आठवड्यांनी फोन येतो, "अहो तो आता आम्हालाच गुरगुरायला लागलाय, पावर अजून वाढवू का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती कुत्र्यांना याची गरजच नसते, आणि लोक ज्या कामांसाठी हा घेतात, म्हणजे भुंकणं, अंगावर धावून जाणं, घाबरणं, त्या कामांत तर तो उलटा पडतो. पण "हे सैतानी यंत्र आहे" म्हणून विषय संपवणाऱ्यांचंही मला पटत नाही, कारण त्यानं काहीच समजत नाही. आत काय होतं ते एकदा नीट कळलं की कुठं चालतो आणि कुठं घात करतो हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

तर वस्तू अशी आहे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूची दोन बोथट टोकं असतात, ती केसांतून जाऊन मानेच्या कातडीला टेकावी लागतात. रिमोटचं बटण दाबलं की रेडिओ सिग्नल जातो आणि डबी त्या दोन टोकांमधून विजेचे अगदी छोटे छोटे झटके सोडते. करंट मिलिअँपमधला, एकेक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे कुत्रा भाजत-बिजत नाही आणि घरातल्या प्लगचा शॉक बसावा तसलाही प्रकार नाही. जवळपास सगळ्या पट्ट्यांत नुसता बीप आणि मोबाईलसारखं व्हायब्रेशनही असतं. शॉकचे दोन प्रकार, एक क्षणभराचा आणि दुसरा बटण दाबून धरलं तोवर चालणारा, आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या पट्ट्यात तो दहा-बारा सेकंदांनी आपोआप बंद पडतो. स्वस्तातल्या पट्ट्यात ती सोय आहे की नाही हे विकत घेताना विचारायचं असतं, कोणी विचारत नाही.

दुकानदार किंवा व्हिडिओवाले ट्रेनर सांगतात की हे फिजिओथेरपीवाल्याकडं कंबरेला लावतात ना त्या मशीनसारखंच आहे, काही लागत नाही. अर्धं खरं आहे. तत्त्व तेच, पण फिजिओकडं वीज तळहाताएवढ्या ओल्या पॅडमधून पसरून जाते, इथं ती दोन टोकांवर एकवटते. आणि मोठा फरक म्हणजे तिथं तुम्ही "आता बास" म्हणू शकता.

लेव्हलचं तर विचारूच नका. कुठल्या कंपनीत १०० लेव्हल, कुठं १२७, कुठं नुसत्या आठ. एका पट्ट्यातली २० म्हणजे दुसऱ्यातली २० नव्हे, ब्रिटनमध्ये बाजारातले वेगवेगळे पट्टे आणून मोजले तेव्हा मॉडेल-मॉडेलमध्ये झटक्याच्या ताकदीत प्रचंड फरक निघाला. त्यात कुत्र्याचे केस किती दाट, कातडी कोरडी की ओली, पट्टा सैल की घट्ट, यावरही कुत्र्याला काय जाणवतं ते बदलतं. तलावात उडी मारून आलेल्या लॅबला सकाळच्याच लेव्हलला भलताच झटका बसू शकतो. पट्टा सैल असला तर मधेच लागतो मधेच नाही, मग मालकाला वाटतं हा कमी पडतोय आणि तो नंबर वाढवतो, आणि पुढच्या वेळी टोकं नेमकी नीट टेकलेली असतात.

हे सगळं सुरू झालं १९६० च्या दशकात अमेरिकेत, शिकारी कुत्र्यांसाठी. कुत्रा माणसापासून पाव-अर्धा किलोमीटर लांब, हरणामागं सुटलेला, हाक ऐकत नाही, तिथं दोरी पोचत नाही म्हणून रेडिओ. सुरुवातीच्या पट्ट्यांना लेव्हल-बिव्हल काही नव्हतं, एकच झटका, तोही जोरदार. लेव्हल नंतर आल्या आणि त्यासोबत वापरायची पद्धतही बदलली. आपल्याकडं नेमका इथंच घोळ होतो, कारण एकाच पट्ट्यानं दोन अगदी वेगळी कामं केली जातात आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं काम असं. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावला नाही की टुंग टुंग वाजत राहतं आणि बेल्ट लावला की बंद होतं, तुम्ही काय बेल्टच्या प्रेमात पडलेले नसता, आवाज थांबावा म्हणून लावता. जाणकार ट्रेनर पट्टा तसा वापरतात. आधी कुत्र्याला "ये" म्हणजे काय ते दोरीवर आणि खाऊवर पक्कं शिकवलेलं असतं. पट्टा बरेच दिवस बंद ठेवून नुसता घालून फिरवलेला असतो म्हणजे पट्ट्याचीच भीती बसत नाही. मग शून्यापासून एकेक लेव्हल वर नेत बघायचं की कुत्र्याला जेमतेम कधी जाणवतंय. कान हलतो, मान किंचित वळते, माशी बसल्यासारखं खाजवतो, तिथं थांबायचं. ओरडला, दचकला, शेपूट आत घातली तर तुम्ही कधीच पुढं गेलात. मग तेवढ्याच हलक्या लेव्हलवर बटण दाबून "ये" म्हणायचं, लांब दोरीनं आपल्याकडं वळवायचं आणि तो वळून निघाला त्या क्षणी बटण सोडायचं. कुत्रा शिकतो की हे बंद करणं माझ्या हातात आहे. एवढं सगळं करायला आठवडे जातात. मला सांगा, ऑनलाइन मागवलेला पट्टा त्याच संध्याकाळी बांधणाऱ्यानं यातलं काय केलेलं असतं?

दुसरं काम म्हणजे शिक्षा. कुत्र्यानं नको ते केलं की झटका, म्हणजे पुन्हा करणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण कुत्र्याला तुम्ही कशाबद्दल शिक्षा दिली ते माहीत नसतं, त्याला फक्त एवढं कळतं की त्या क्षणी डोळ्यासमोर काय होतं आणि काय झालं. जर्मनीत हॅनोव्हरला १४ बीगल कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. एका गटाला खोट्या सशाला तोंड लावलं त्याच क्षणी झटका, दुसऱ्या गटाला बोलावल्यावर आला नाही तर झटका, तिसऱ्याला कधीही, काही कारण नसताना. मग त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, ताण वाढला की शरीरात हे वाढतं. पहिल्या गटात फारसं वाढलं नाही, कारण सशाला हात लावला की बसतं आणि नाही लावला की बसत नाही हे त्या कुत्र्यांना कळून चुकलं होतं. कारण नसताना बसणाऱ्यांचं सगळ्यात जास्त वाढलं. म्हणजे झटक्याच्या जोरापेक्षाही तो का बसला आणि कसा टाळायचा हे कुत्र्याला कळतं की नाही, यावर सगळं ठरतं.

आता आपल्या घरात बटण कोणाच्या हातात असतं बघा. बाबांच्या, मग दादाच्या, मग आठवीतल्या पोराच्या. एकजण सोफ्यावर चढला की दाबतो, दुसरा दाबत नाही, तिसरा गंमत म्हणून दाबतो. मोबाईल बघता बघता दोन सेकंद उशीर झाला तरी तेवढ्यात कुत्रा दुसरीकडं बघत असतो. कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर तो सगळा प्रकार तिसऱ्या गटाचाच झाला.

सगळ्यात जास्त चुकतं ते गेटवर. सकाळी दूधवाला येतो, कुत्रा भुंकतो, मालक बटण दाबतो. मालकाला वाटतं आपण भुंकण्याबद्दल झटका दिला. कुत्र्यानं मात्र हिशोब मांडला, हा माणूस आला की माझी मान दुखते. दूधवाला आधी नुसता अनोळखी होता, आता तो त्रासाची वर्दी घेऊन येणारा झाला. काही दिवस भुंकणं बंद होतं हे खरं, घरचे खूश होतात, शेजारच्यांना दाखवतात. पण भुंकणं आणि गुरगुरणं ही कुत्र्याची "लांब राहा" म्हणायची रीत आहे, ती तुम्ही बंद केली आणि आतला राग-भीती तशीच ठेवली, उलट वाढवली. असा कुत्रा मग एक दिवस न सांगता चावतो आणि लोक म्हणतात, "एकदम कसा काय चावला, कधी भुंकायचासुद्धा नाही!" अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला शॉकचा पट्टा घालायचा नाही, यात मला काही पण-परंतु दिसत नाही. आणि आधी शांत असलेला कुत्रा अचानक तिरसट झाला असेल तर ट्रेनरच्याही आधी डॉक्टर गाठा, कानात इन्फेक्शन, दात, कंबर, काहीतरी दुखत असण्याची शक्यता खूप असते.

तसंच घाबरणाऱ्या कुत्र्याचं. दिवाळीत किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री आसपासच्या घरांतली कुत्री पलंगाखाली घुसतात, थरथरतात, विव्हळतात. तेव्हा आवाज बंद करायला बटण दाबणं म्हणजे घाबरलेल्याला सांगणं की तुझं खरं आहे, या आवाजासोबत दुखतंसुद्धा. घाबरणं हे काही शिकून केलेलं काम नाही की शिक्षा दिली आणि सोडून दिलं. पडदे ओढा, टीव्ही-कूलर चालू ठेवा, जवळ बसा, फारच त्रास असेल तर डॉक्टर आधीपासून गोळी देतात, तिची सोय सणाच्या आठवडाभर आधी करून ठेवा.

आता पाठलागाचा मुद्दा, हा आपल्या जिल्ह्यात खरा महत्त्वाचा. आपल्याकडं आणि खाली कर्नाटकात मुधोळकडं कारवानी कुत्री पाळायची जुनी सवय आहे. लांब पाय, आत गेलेलं पोट, अंगावर जेमतेम केस. ही नजरेनं शिकार करणारी जात, वासानं नव्हे. हललेलं काही दिसलं की सुटली, मग हाका मारत बसा. शेतावर ससा आहे, रस्त्यावर बाइक आहे, आणि नान्नजच्या माळरानावर काळवीट आहे. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, कुत्रं त्याच्यामागं लागलं तर "तो ऐकतच नाही ओ" हे वनखात्याला सांगून चालत नाही. मग या एका कामासाठी तरी पट्टा चालेल का?

इथं प्रामाणिकपणे दोन्ही बाजू आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या संशोधकांनी १९ कुत्र्यांवर प्रयोग केला, वेगानं पळणाऱ्या खोट्या सावजामागं धावणं थांबवायचं होतं. शॉकच्या पट्ट्यावरची कुत्री थोड्या सत्रांतच थांबली, खाऊ देऊन शिकवलेली तेवढ्या वेळात थांबली नाहीत. कुत्री झटक्याला केकाटली, पण ताणाचं मोजमाप करताना गटागटांत मोठा फरक सापडला नाही. पट्ट्याच्या बाजूचे लोक हा अभ्यास खिशात घेऊनच फिरतात. दुसरीकडं इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास आहे, ६३ कुत्री, तीन गट, एक पट्ट्यावर आणि दोन पट्ट्याविना, मुख्य तक्रार हाकेला न येणं आणि मेंढ्यांमागं लागणं. तिथं पट्टा वापरणारे ट्रेनर साधेसुधे नव्हते, पट्टे बनवणाऱ्यांच्या संघटनेनं सुचवलेले अनुभवी लोक होते. तरीही पट्ट्याचा जास्तीचा फायदा काही दिसला नाही, तिन्ही गटांतले बहुतेक मालक समाधानी होते, आणि पट्ट्यावरची कुत्री मात्र जास्त ताणलेली होती. त्याच प्रशिक्षणाचे व्हिडिओ पुन्हा तपासून २०२० मध्ये जे छापलं त्यात खाऊ-शाबासकीवर शिकलेली कुत्रीच हुकूम पटकन पाळत होती. त्याआधी २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या जर्मन शेफर्डांबद्दल आलं होतं की झटके खाल्लेली कुत्री ट्रेनिंग नसताना, बागेत नुसती फिरतानाही मालकाच्या आसपास दबून वागत होती. तो मुद्दा मला सगळ्यात टोचतो, कारण तिथं पट्टा चालूच नव्हता.

ॲरिझोनाचा प्रयोग मी खोटा म्हणत नाही. पण १९ कुत्री, थोडे दिवस, कुंपणातलं मैदान आणि बटणावर शिकलेला माणूस, यावरून होटगी रोडवरच्या प्लॉटवर मोकाट सुटलेल्या कारवानीबद्दल किती बोलायचं? शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. घरात शांत असताना जी लेव्हल कुत्र्याला जाणवते ती सशामागं बेभान पळताना जाणवतच नाही, म्हणून तिथं नंबर बराच वर न्यावा लागतो, म्हणजे "हलकंसं, गुदगुल्यांसारखं" हे जाहिरातीतलं वाक्य पाठलागाच्या कामात आपोआप गळून पडतं. आणि कारवानीची कातडी पातळ, केस नाहीत, टोकं थेट टेकतात. नंबर किती वर न्यायचा याचा अंदाज चुकला की दुखापत मनाला होते, आणि तो कुत्रा नंतर त्या शेताच्या बांधावर जायलाच तयार होत नाही, किंवा मालकाकडं यायला.

बाहेरच्या देशांत काय चाललंय? वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. जर्मनीत तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्येच प्राणी कायद्याखाली असा पट्टा वापरायला मनाई केली. इंग्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून बंदी आणायचं ठरलं होतं, पण संसदेत ते काम पूर्ण झालंच नाही आणि राहिलं. अमेरिकेत पट्टा सर्रास विकतात, पण तिथल्याच प्राणी-वर्तनावर काम करणाऱ्या व्हेटरनरी डॉक्टरांच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की कुठल्याही कुत्र्याला शिकवताना शॉक, काट्यांचा पट्टा, गळा आवळणारी साखळी यांची गरज नाही. आपल्याकडं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमात प्राण्याला विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पट्टा घरी आणायचं कुरिअरसुद्धा त्याहून महाग पडतं, त्यामुळं कायद्याच्या धाकानं कोणी थांबेल असं समजू नका.

मग कुत्रा हाकेला यावा म्हणून करायचं काय? मधल्या मारुतीकडं बाजारात जाऊन चांगला सुती कासरा घ्या, बैलाला लावतो तोच, तीस फुटाच्या आसपास. नायलॉनचा नको, हात कापतो. तो गळ्याच्या पट्ट्याला बांधू नका, छातीच्या हार्नेसला बांधा, कारण धावून टोकाला पोचला की मानेला हिसका बसतो. सुरुवात घरात किंवा गच्चीवर, जिथं दुसरं काही बघण्यासारखं नाही. नाव घेऊन "ये" म्हणायचं, एकदाच, आला की लगेच खायला द्यायचं, आणि कोरडं बिस्कीट नव्हे, उकडलेलं चिकन, कलेजी, अंड्याचा तुकडा, पनीर, जे त्याला एरवी मिळत नाही ते. सोलापुरी घरात हात आपोआप शेंगा चटणीच्या भाकरीकडं जातो, ती देऊ नका, लसूण कुत्र्याला बाधतो. आला नाही तर ओरडायचं नाही, कासरा हळू गोळा करत आपल्याकडं आणायचं, आणि आणल्यावरही शाबासकीच द्यायची. लोक इथंच चुकतात, कुत्रा उशिरा आला म्हणून रागावतात, मग पुढच्या वेळी तो कशाला येईल? आणि हाक फक्त घरी न्यायला मारू नका, बोलवा, खाऊ द्या, पुन्हा सोडा. गच्चीवर पक्कं झालं की अंगण, मग पहाटेचा रिकामा प्लॉट, मग लांबवर दुसरी कुत्री दिसतील असं ठिकाण, असं टप्प्याटप्प्यानं. उन्हाळ्यात हे सगळं सात वाजायच्या आत उरकायचं, आपल्या मे महिन्यात डांबरावर पंजे भाजतात.

कारवानी किंवा हाउंड असेल तर दुसऱ्या कशानंही त्याचं पळण्याचं वेड जाणार नाही हे मान्य करून टाका. त्याला कुंपणाच्या आत पळू द्या, काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून तिच्यामागं पळवा, आणि उघड्या माळावर कासरा सोडायचाच नाही. नान्नजच्या बाजूला तर अजिबात नाही.

घरात पट्टा आणलाच असेल आणि ठेवायचाच असेल तर निदान एवढं. सहा महिन्यांच्या आतल्या पिलाला नाही, गाभण कुत्रीला नाही, म्हाताऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला नाही. रिमोट एकाच मोठ्या माणसाकडं, पोरांच्या हातात कधीच नाही. आधी पट्टा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सगळ्या घरानं बघा. एक-दोन तासांनी टोकांची जागा बदला आणि रात्री पट्टा काढूनच ठेवा, कारण सतत दाबून राहिल्यानं त्या जागेची कातडी मरते, शॉक न देताही. आपल्याकडं धूळ-गोचीड सगळंच असल्यानं ते लवकर चिघळतं. दर दोन दिवसांनी मानेवरचे केस बाजूला करून बघा, शेजारी-शेजारी दोन लाल ठिपके, ओलसरपणा किंवा वास आला तर पट्टा काढायचा आणि डॉक्टरकडं जायचं, घरची हळद भरत बसायचं नाही, आणि जखम भरेपर्यंत साधा पट्टासुद्धा न घालता हार्नेसवर फिरवायचं.